काच तिरकी धरली की झालं, असं नसतं हो

संपादक साहेब, सनविवि.

रविवारच्या पुरवणीत नॅनो कोटिंगवरचा लेख वाचला, विषय घेतलात हेच भारी, पण त्यातलं एक वाक्य काही डोक्यातून जाईना. काच धातूच्या वाफेसमोर तिरकी धरली की त्या धातूचे नॅनो-खांब (केसाहून कितीतरी बारीक) त्याच कोनात उभे राहतात म्हणे. मी व्हॅक्यूम चेंबरवर, म्हणजे हवा काढून घेतलेल्या पेटीत धातूची वाफ काचेवर बसवण्याचं, हेच काम करतो, एवढं सोपं असतं तर माझी अर्धी जागरणं वाचली असती.

खांब वाफेकडे झुकतात खरे, पण वाफेइतके नाही. काचेला काटकोनातली दिशा शून्य धरली आणि वाफ ८५ अंशांवरून आली तर जुना टॅन्जंटचा नियम म्हणतो खांब ८० अंश झुकेल, टेट या संशोधकाचा १९९३ चा नियम म्हणतो साधारण ५८, आणि काच मोडून कडेने इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघावं तर धातूप्रमाणे तिसराच आकडा!

मुळात खेळ सावलीचा आहे. पहिले अणू बसतात तिथे बारीक उंचवटे होतात, त्यांच्या मागे संध्याकाळच्या उन्हासारखी लांब सावली पडते, तिथे नवीन अणू पोचतच नाहीत, म्हणून उंच असतो तोच अजून वाढतो. पण बसलेला अणू गप्प बसला पाहिजे ना. टंगस्टनचा बसतो, चांदीचा रूम टेंपरेचरलाही सरकत राहतो, कारण चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते आणि टंगस्टनला ३४०० च्या वर जावं लागतं.

एकदा मी घाईत चांदी बसवण्याचा वेग वाढवला, बोटची (जिच्यात धातू तापवतात त्या छोट्या वाटीची) उष्णता थेट सॅम्पलवर, म्हणजे काचेवर, आणि खांबांऐवजी एकमेकांना चिकटलेले गोळेच मिळाले. चांदीचे खांब नीट आले की फिल्म (काचेवरचा पातळ थर) आरशासारखी चमकत नाही, काळपट दिसते, तेव्हा मात्र काच लख्ख होती, तिथेच समजलं काय ते. म्हणून काही लोक सॅम्पल लिक्विड नायट्रोजनने थंड ठेवतात.

आणि जाडी! किती माल बसला ते मोजणारा क्वार्ट्झचा मॉनिटर वाफेच्या थेट समोर असतो, तो १००० नॅनोमीटर दाखवतो तेव्हा ८५ अंशांवरच्या काचेवर जेमतेम ८७ नॅनोमीटरइतका माल बसलेला असतो (कोसाइन हो, शाळेतलाच), फक्त मधे पोकळ्या असल्यामुळे खांब त्याहून उंच दिसतात. नवीन पोरं इथेच फसतात, मीही फसलो होतो.

काच फिरवण्याबद्दल तर लेखात अवाक्षर नाही. हळू फिरवली तर खांबाची स्प्रिंग होते, जोरात फिरवली तर सरळ खांब. १९५९ मध्ये यंग आणि कोवाल यांनी फ्लोराइट या खनिजाच्या फिल्म अशाच फिरवून केल्या होत्या, पुढे नव्वदच्या दशकात कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात रॉबी आणि ब्रेट यांनी हे तंत्र नावारूपाला आणलं.

पुढच्या वेळी ते रंगीत कल्पनाचित्र नको, मायक्रोस्कोपचा कडेने घेतलेला फोटो छापा. खांब वाकडेतिकडे, कमी-जास्त जाड आणि मधेच खुंटलेले दिसतील, तसेच असतात ते.

– तुमचा नेहमीचा वाचक