बर्फावरच्या नोकरीविषयी सुहासला पत्र

दादर, मुंबई
१८ जानेवारी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. पदवीधर माणसाने दुकानातली कायमची नोकरी सोडून परक्यांच्या पायांत बूट चढवण्यासाठी ऑस्ट्रेलियाला का जावे, हा प्रश्न तू आडवळण न घेता विचारलास याचा मला आनंद झाला. घरात तो सगळ्यांच्या मनात आहे. तोंडाने विचारणारा तू एकटाच. म्हणून उत्तरही सविस्तर लिहितो.

स्की रिसॉर्ट म्हटले की बर्फावरून घसरत जाणारी माणसे डोळ्यांसमोर येतात, परंतु तिथे हंगामापुरती घेतली जाणारी बहुतेक माणसे लोकांना डोंगरावर वर नेणाऱ्या लिफ्टवर उभी असतात, स्वयंपाकघरात भांडी घासतात, खोल्या आवरतात, तिकिटे देतात किंवा सामान भाड्याने देणाऱ्या दुकानात काम करतात. यांतल्या बहुतेक कामांना स्कीइंग येण्याची अट नसते. अर्जात कामांचा पसंतीक्रम भरायचा होता आणि मी पहिल्या क्रमांकावर भाड्याचे दुकान लिहिले. दुसरे काही मिळणार नाही म्हणून नव्हे. मला तेच काम हवे आहे.

त्याचे कारण नीट समजावून घे. स्की आणि बूट यांना जोडणारा एक भाग असतो, त्याला बाइंडिंग म्हणतात. माणूस पडला की बाइंडिंगने बूट सोडून द्यावा लागतो, कारण एरवी एवढ्या लांब पट्टीचा सगळा पीळ गुडघ्यावर आणि नडगीवर येतो. ते किती जोराला सुटावे हे एका स्क्रूने ठरवतात आणि त्या स्क्रूचा आकडा तक्त्यावरून काढतात. त्यासाठी माणसाचे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची मिलिमीटरमधली लांबी आणि तो सावकाश जाणारा आहे की वेगाने, एवढे सगळे विचारावे लागते. आकडा कमी पडला तर चालत्या वळणावरच स्की निसटते. जास्त झाला तर पडल्यावरही सुटत नाही. वय पन्नाशीच्या वर असेल तर तक्त्यात एक ओळ सरकून आकडा कमी धरतात. आता यात अडचण कुठे येते पाहा. लोक वजन कमी सांगतात, कारण मागे रांगेत ओळखीची माणसे उभी असतात. आणि स्वतःचे कौशल्य जास्त सांगतात, कारण मुले ऐकत असतात. काउंटरमागच्या माणसाने ते न दुखावता, हलक्या आवाजात, पण खरे काढून घ्यायचे असते. सुहास, रानडे रोडवरच्या आमच्या बुटांच्या दुकानात मी इतकी वर्षे दुसरे काय करतो आहे? ‘माझा नंबर आठच’ असे ठामपणे सांगणाऱ्या गृहस्थांना प्रत्यक्षात नऊ लागतो, हे त्यांच्या पत्नीसमोर कसे सांगावे हे मला येते.

बुटाचेही तसेच. स्की बूट पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून देतात. ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवून नडगी पुढे दाबली की ती मागे सरकली पाहिजेत. धावण्याच्या बुटांची सवय असलेल्या माणसाला हे घट्ट वाटते, तो मोठा बूट मागतो, आणि मग पाऊल आतल्या आत घसरून दुपारपर्यंत पाय सोलवटून निघतो. थंडी वाजेल म्हणून दोन मोजे घातले तर रक्त कमी पोहोचून पाय उलट अधिक गार पडतो. मोजा एकच घालायचा, तोही पातळ आणि लांब. पँटचा काठ बुटात गेला तर नडगीवर वळ उठतो. ही सारी माहिती वाचून मिळते. पण गुडघे टेकून, समोरच्याचे पाऊल हातात धरून, त्याच्या चेहऱ्याकडे पाहत बूट बसवण्याची सवय वाचून येत नाही.

गुलमर्गला मी शिकायला गेलो होतो तेव्हाच हे मनात आले. गोंडोलाने, म्हणजे तारेवरच्या पाळण्याने, अफरवतच्या बाजूला वर गेलो की सगळे विसरायला होई, इतका तो डोंगर सुंदर आहे. पण खाली ज्या दुकानातून मी सामान घेतले तिथे माझे वजन कोणी विचारले नाही आणि बाइंडिंगच्या स्क्रूकडे कोणी पाहिलेही नाही. शेजारच्या मुलीला तिच्या भावाच्या मापाचे बूट दिले होते आणि ती वेदनेने रडकुंडीला आली होती. तिथला प्रशिक्षक उत्तम होता, बर्फ उत्तम होता; चूक होती ती फक्त त्या काउंटरवर. भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था गुलमर्गमध्ये १९६८ पासून आहे, औलीत आणि सोलंगला दरवर्षी नवे शिकणारे जातात, आणि त्यांतले बरेचसे आपल्यासारखे समुद्रकाठचे असतात, ज्यांच्या पायांना या बुटांची काहीच ओळख नसते. पुढे कधी तरी आपल्याकडच्या एखाद्या बर्फाळ गावात हिवाळाभर मला हे काम करायचे आहे. त्याआधी जिथे ते रोज शेकडो लोकांसाठी, नियमाने, कागदावर नोंद ठेवून होते तिथे एक हंगाम उभे राहायचे आहे.

ऑस्ट्रेलियाच का, हे थोडक्यात सांगतो. सुट्टी आणि काम एकत्र करू देणारा जो व्हिसा असतो, त्याच्या कॅनडाच्या व जपानच्या करारांत भारत नाही. ऑस्ट्रेलियाने मात्र २०२४ मध्ये आपल्यासाठी वर्षाला १,००० जागा उघडल्या. वय १८ ते ३०, पदवीची निदान दोन वर्षे पूर्ण, इंग्रजीचा दाखला आणि खात्यात ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, शिवाय परतीच्या भाड्याची सोय, अशा अटी आहेत. अर्ज फार असल्यामुळे म्हाडासारखी सोडत निघते. नाव नोंदवायला २५ डॉलर लागतात. माझे नाव निघाले आणि व्हिसाही मिळाला. माझे वय पाहता पुढची सोडत माझ्यासाठी असेलच असे नाही, हे तू जाणतोस. या व्हिसावर एका मालकाकडे सहा महिन्यांपेक्षा जास्त काम करता येत नाही, पण स्कीचा हंगाम जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच असतो, म्हणून ती अट आड येत नाही.

तू पाठवलेली कॅनडातल्या नोकरीची जाहिरातही पाहिली. तुझ्या मावसभावाला आजच सांग की पैसे देऊ नकोस. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असावी लागते, ती ई-मायग्रेट संकेतस्थळावर कोणालाही तपासता येते, आणि नोंदणीकृत एजंटालाही सेवेपोटी ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढेच घेता येतात. जो माणूस लाखांत आकडा सांगतो, मालकाचे नाव सांगत नाही आणि पर्यटक व्हिसावर जाऊन नंतर बदलून घेऊ म्हणतो, त्याच्याशी बोलणेच थांबवावे. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात उत्प्रवासी संरक्षकांचे, म्हणजे परदेशी नोकरीला जाणाऱ्यांचे हित पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचे, कार्यालय आहे. त्याला शंका असेल तर मी स्वतः त्याला तिथे घेऊन जाईन. ती जाहिरात वाचल्यापासून मला त्याची खरोखर काळजी वाटते आहे.

माझा अर्ज मात्र थेट रिसॉर्टांकडे गेला आहे. थ्रेडबो आणि पेरिशर ही दोन्ही न्यू साउथ वेल्समधल्या कोझियस्को राष्ट्रीय उद्यानात आहेत. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरचे सर्वांत उंच शिखर २,२२८ मीटरचे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा सहाशे मीटरच्या आत-बाहेरच उंच, पण तिथे बर्फ पडतो. भरती हंगामाच्या कित्येक महिने आधी सुरू होते, म्हणून जानेवारीतच कागद तयार ठेवले. बायोडेटात फोटो, जन्मतारीख, वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती यांतले काहीही घालायचे नसते. दोन पाने, केलेले काम आणि ज्यांना फोन करून विचारता येईल अशी दोन माणसे. आमच्या शेठनी नाव द्यायला लगेच होकार दिला, आणि खरे सांगायचे तर त्या होकाराने मला भरून आले. पत्रात मी स्कीइंगची बढाई मारली नाही. सणासुदीच्या गर्दीत दिवसभर उभे राहून किती वेगवेगळ्या पायांना बूट बसवतो, चुकीचे माप परत आले तर काय करतो आणि हंगामाच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत उपलब्ध आहे, हे लिहिले. शेवटची गोष्ट त्यांना सर्वांत महत्त्वाची असते, कारण ऑगस्टमध्ये गर्दी ऐन भरात असताना सोडून जाणारा माणूस त्यांना परवडत नाही.

पैशाचे तुझे गणित थोडे दुरुस्त करतो. देशाचे किमान वेतन जुलै २०२५ मध्ये तासाला २४.९५ डॉलर ठरले आणि कॅज्युअल कामगाराला पगारी रजा नसल्यामुळे त्यावर २५ टक्के अधिक मिळतात, हे खरे. परंतु बर्फ उशिरा पडला तर तासच मिळत नाहीत, आणि खोलीचे भाडे मात्र पहिल्या आठवड्यापासून सुरू होते. माझ्या व्हिसाच्या माणसाकडून पहिल्या ४५,००० डॉलरपर्यंत १५ टक्के कर पहिल्या डॉलरपासून कापतात. मालक निवृत्तिनिधीत १२ टक्के भरतो, पण देश सोडताना तो काढला की त्यातले ६५ टक्के सरकार घेते. आरोग्य विमा आपला आपण घ्यायचा. म्हणून मी घरी सांगितले आहे की यातून फार शिल्लक राहील अशी अपेक्षा ठेवू नका.

राहण्याची जागा हीच मोठी चिंता आहे. रिसॉर्टची कर्मचारी निवासस्थाने थोडी असतात. बाकीचे लोक खाली जिंडाबाइन नावाच्या गावात खोली वाटून घेतात. तुला हे गाव जवळचे वाटेल. जुने जिंडाबाइन स्नोई नदीवरच्या धरणाखाली १९६० च्या दशकात बुडाले आणि गाव वर हलवले गेले, म्हणजे तुमच्या आजोबांचे घर कोयनेच्या शिवसागरात गेले त्याच काळात. तिथे पोहोचलो की तलावाचा फोटो आबांसाठी पाठवीन.

एक काम तुझ्यावर सोपवतो. आईला थंडीची भीती वाटते, बाबांना मात्र तुझ्यासारखाच प्रश्न पडला आहे आणि ते तो माझ्याजवळ बोलत नाहीत. तुझे म्हणणे ते मानतात. रविवारी त्यांना फोन कर आणि बाइंडिंगची गोष्ट त्यांना समजावून सांग. आयुष्यभर त्यांनी लोकलचे ब्रेक तपासले आहेत, त्यांना ती माझ्यापेक्षा लवकर कळेल. व्हिडिओ मुलाखतीची तारीख फेब्रुवारीत येईल असा अंदाज आहे, आली की कळवतो.

काकूंना व आबांना साष्टांग नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद