फाइल साफ करा, पण आधी खुणा करून

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी अंकांची कामं सुरू झालीयेत, डीटीपीवाल्यांकडे वर्डच्या फाइली येऊन पडतायत, म्हणून हे पत्र आत्ताच लिहितेय. लेखकाची फाइल जशीच्या तशी इनडिझाइनमध्ये, म्हणजे पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये घेता येत नाही, आधी फॉरमॅटिंग काढावंच लागतं, याबद्दल माझा काही वाद नाही. पॅरा सुरू करायला पाच-सहा स्पेस, मथळा मधोमध आणायला टॅबवर टॅब, नवीन पान हवं म्हणून धडाधड एंटर, आणि नेटवरून उचललेला उतारा करड्या रंगात आणि भलत्याच फॉन्टमध्ये, हे सगळं तसंच पानात आलं तर ऑपरेटरचा अख्खा दिवस ते निस्तरण्यात जातो. सफाई हवीच. पण ती ज्या पद्धतीने होते त्याने मजकुराचं नुकसान होतंय आणि ते मला खरंच बघवत नाही.

बऱ्याच ठिकाणी सरळ सगळं सिलेक्ट करायचं, नोटपॅडमध्ये टाकायचं, तिथून उचलून पानात लावायचं. लेखकाने मुद्दाम काय केलंय आणि सवयीने काय झालंय हे नोटपॅडला कसं कळणार? इटालिक जातं, मग पात्राच्या मनातलं बोलणं निवेदनात मिसळून जातं. इतिहासावरच्या लेखात 1857 ला तळटीपेचा 3 वर चढवलेला असतो, सुपरस्क्रिप्ट गेलं की त्याचं 18573 होतं, आणि प्रूफ बघणारा घाईत असला की तसंच छापून येतं. दोन एंटरचा एक एंटर करायची सवय गद्यासाठी ठीक आहे हो, पण तीच कमांड अख्ख्या अंकावर चालवली की गझलेतल्या शेरांमधली मोकळी ओळ जाते, कवितेची कडवी एकमेकांना चिकटतात आणि कवीला ते कळतं ते थेट अंक हातात पडल्यावर.

श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधल्या फाइली अजूनही येतात, त्यांचं तर फार जपून करायला हवं. त्यातला मजकूर आतून इंग्रजी अक्षरांच्याच कोडमध्ये असतो, फॉन्टमुळे तो मराठी दिसतो. म्हणजे यातला कुठला शब्द मराठी आणि कुठला खरोखरच इंग्रजी हे सांगणारी खूण फक्त फॉन्ट. तोच आधी काढून टाकला तर कोड बदलून देणारा कन्व्हर्टर इंग्रजी नावांचंही मराठी करायला जातो आणि जे काही तयार होतं ते कोणालाच वाचता येत नाही. तिथे आधी युनिकोड करायचं, म्हणजे मराठी अक्षरांना त्यांचे स्वतःचे कोड द्यायचे, मग सफाई.

युनिकोडमध्येही सगळं आलबेल नाही. न दिसणारी कॅरेक्टर कचरा समजून सरसकट उडवतात, पण काही कीबोर्डवर ऱ्य मधला तो आडवा र अशाच एका न दिसणाऱ्या जोडणाऱ्या कॅरेक्टरमुळे उमटतो. ते गेलं की सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो, आणि स्पेलचेक काही बोलत नाही कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत. शिवाय साफ केलेल्या मजकुराला भाषा म्हणून मराठी लावायची राहून गेली तर बऱ्याच फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. राज्य शासनाने 2009 च्या निर्णयात या दोन्ही अक्षरांचं मराठी वळण ठरवून दिलेलं असताना आपल्याच अंकांत ते दिसू नये याचं वाईट वाटतं.

यावर उपाय अगदी साधा आहे आणि त्याला फार वेळही लागत नाही. वर्डच्या फाइंड-रिप्लेसमध्ये इटालिक शोधून दोन्ही बाजूंना एखादी खूण घालता येते, सुपरस्क्रिप्टला दुसरी, कडव्यांमधल्या मोकळ्या ओळीला तिसरी, मग खुशाल सगळं फॉरमॅटिंग काढा, आणि पानात आल्यावर त्या खुणांवरून स्टाइल लावा. मूळ फाइल मात्र प्रूफ बघणाऱ्याला द्याच, नाहीतर काय गेलं हे तो कशाशी ताडून बघणार.

लेखकांनीही सजावट करू नये, मथळ्याला हेडिंगची स्टाइल द्यावी आणि कवितेची पीडीएफ सोबत जोडावी. आपल्या पुरवणीसाठी साहित्य मागवताना एवढ्या सूचना चौकटीत छापल्यात तर बाकीचे संपादकही छापू लागतील असं वाटतं, तेवढं जरूर करावं ही विनंती.

आपली,
एक मुद्रितशोधक, पुणे