तिकिटाबद्दल नाही

चिपळूण,
८ नोव्हेंबर २०२५

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

भाऊबीजेच्या रात्री फोन कट झाला नव्हता. मी आपटला. दादाने तुला रेंजचं कारण सांगितलं असेल तर ते खोटं आहे. त्यानंतर दोन दिवस तुझ्या आईने माझ्याशी बोलणं 'भाजी काय आणू' एवढ्यावर ठेवलं. फोनवर माझा आवाज चढतो, कागदावर चढत नाही, म्हणून लिहायला बसलो. विमानाच्या तिकिटाबद्दल या पत्रात अक्षर लिहिणार नाही, असं आईला कबूल केलं आहे.

तुझा प्रबंध झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला. स्पायरल बाइंडिंगसकट. तो म्हणाला, "मास्तर, आता रिटायर झाल्यावर परीक्षेला बसताय काय?" डिक्शनरी घेऊन रोज चार-पाच पानं, असा महिना गेला. 'सेपरेट'चं स्पेलिंग अजून चुकतेस. पी नंतर ए येतो, ई नाही. नववीतही हेच.

तर तुझ्या प्रबंधातल्या कलाकार, मोना हातूम. आम्ही दोघं घरात 'हातूमबाई' म्हणतो, आता त्या आमच्या शेजारी राहत असल्यासारख्या झाल्या आहेत. आईबाप पॅलेस्टाइनमधल्या हैफाचे, १९४८ साली घर सोडून बैरुतला आलेले, मुलगी तिथे १९५२ ला जन्मली. लेबनॉन सरकारने त्यांना ओळखपत्र दिलं नाही. वडील ब्रिटिश वकिलातीत नोकरीला, म्हणून पासपोर्ट ब्रिटिश. १९७५ मध्ये ती थोड्या दिवसांसाठी लंडनला गेली, तिकडे बैरुतमध्ये यादवी पेटली, विमानतळ बंद झाला आणि परतीचा रस्ता राहिला नाही. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. मग तिथेच कलेचं शिक्षण, तिथेच काम, तिथेच नाव.

थोड्या दिवसांसाठी, मनू. हे वाक्य तू पहिल्याच पानावर लिहिलं आहेस आणि पुढे गेली आहेस. मी तिथेच दोन दिवस थांबलो होतो.

असो. तू पाठवलेली हातूमबाईंची फिल्म पाहिली. पंधरा मिनिटांची आहे, मी तीनदा पाहिली. पहिल्यांदा आईबरोबर बसलो आणि मान वळवून खिडकीबाहेर बघत राहिलो. एका आईचे न्हाणीतले फोटो, तिच्याच मुलीने काढलेले. आपल्याकडे कोण बघेल? दुसऱ्यांदा एकटा बसलो तेव्हा फोटोंवरून सरकणारं अक्षर दिसलं. आईची पत्रं. अरबी मला एक अक्षर येत नाही, पण हात कळतो. ओळ उजवीकडून निघते आणि कुठे अडखळत नाही, ज्या बाईला लिहायची सवय आहे तिचा हात. ती अक्षरं तिच्या अंगावर अशी पसरली आहेत की अंग धड दिसतही नाही. खिडकीच्या जाळीतून न्हाणीत बघावं तसं. मागे दोघी मायलेकी अरबीत खिदळतायत आणि त्यावरून मुलगी तीच पत्रं इंग्रजीत वाचते, एकसुरी, जणू तार वाचून दाखवतेय.

वडिलांचा आवाज त्यात नाही. आहे तो त्यांचा संताप, तोही बायकोच्या पत्रातून आलेला. फोटो काढताना त्यांनी बघितलं आणि ते बिथरले, आपल्या मालकीच्या जागेत कुणी घुसावं तसे. आणि आई मुलीला लिहिते, वापर तू फोटो, त्यांना मात्र सांगू नकोस. तिथे मी फिल्म थांबवली. भाऊबीजेला तू आईला न्हायलेल्या केसांचे फोटो मागितलेस, आई हसत 'हो' म्हणाली, आणि मी मधून फोन हिसकावून काय बोललो ते पुन्हा लिहीत नाही. 'या घरात' हे शब्द मी चारदा वापरले, असं आई म्हणते. मोजायची सवय तिला माझ्यामुळेच लागली आहे.

तिसऱ्यांदा पाहिली ती शेवटासाठी. शेवटच्या पत्रात आई कळवते की भागातलं पोस्ट ऑफिस गाडीतल्या बॉम्बने उडालं. आता पत्रं कशी पाठवू? तुझ्या प्रबंधात यावर दोन ओळी आहेत. पोस्टमास्तराच्या मुलीने निदान एक पान लिहायला हवं होतं.

मी तुला खेडचं कधी सांगितलं आहे का? नसेल. नोकरीला लागून वर्ष झालं होतं, काउंटरवर होतो. खेड-दापोली पट्ट्यातला घरटी एक माणूस आखातात. रोजच्या थैलीत निळ्या-लाल कडांचे लिफाफे, कुवेतची तिकिटं. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या आणि दोन-चार दिवसांत थैलीतून ते लिफाफे गेले. एकदम गेले, नळ बंद करावा तसे. मग बायका यायला लागल्या. एक बाई रोज यायची, पोस्टमन बीटवर निघण्याआधी, कडेवर पोर. ती काही विचारायची नाही, नुसती खिडकीसमोर उभी राहायची आणि मी मान हलवायची. तिने नवऱ्याला लिहिलेली पत्रं सेवा बंद असल्याच्या शिक्क्याने परत आली. ती तिच्या हातात देणं माझं काम. बाई शिक्क्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे त्यांनी घेतलं नाही?" तिला वाटलं नवऱ्याने नाकारलं. तिला समजावताना मला धड शब्द सापडेनात. मी पंचवीस वर्षांचा होतो.

ऑक्टोबरात तो माणूस आला. अम्मानमार्गे, एअर इंडियाच्या विमानाने. दीड लाखाहून जास्त माणसं तशी आणली होती आपल्या सरकारने. मला पेढे दिले त्याने. तुझा प्रबंध वाचताना मनात आलं की कुवेतमध्ये पॅलेस्टिनी लोकही लाखांनी होते, तेही त्या धामधुमीत बाहेर पडले. त्यांना न्यायला कुणाचं विमान येणार होतं?

म्हणून सांगतो, तुझा पासपोर्ट भारताचा आहे, ही साधी गोष्ट समजू नकोस. तू त्या मोर्चात फलक घेऊन उभी आहेस तो फोटो काकाने ग्रुपवर टाकला. नंदाआत्याने लगेच 'लाइक'चा अंगठा टाकला, ती कशालाही टाकते. मला फलकावर काय लिहिलं आहे त्याचं काही नाही. बरोबरच लिहिलं असेल. पण हातूमबाईंच्या हातात तिकडचा पासपोर्ट होता, बापाच्या नोकरीने मिळालेला. तुझ्याकडे मुदतीचा व्हिसा आहे आणि बापाच्या नोकरीतून तुला मिळाली ती मोडलेली आरडी. त्यांना कुणी 'जा' म्हणू शकत नव्हतं. तुला म्हणू शकतात. आणि त्याहून वाईट, जाऊ नको म्हटलं, तपास संपेपर्यंत इथेच थांब म्हटलं, तर? कलाकाराने कामातून बोलावं, रस्त्यावर कशाला? आपलं शिक्षण काय, आपण आलो कशासाठी, घरच्यांनी

वाक्य अर्धंच ठेवतो. भाषण झालं. आणि माझं म्हणणं तुझ्याच प्रबंधाने खोडलं आहे. हातूमबाई १९८५ मध्ये लंडनमधल्या ब्रिक्स्टनच्या रस्त्यावर अनवाणी चालल्या, घोट्यांना नाड्यांनी जड बूट बांधून, पोलीस घालतात तसे, ते मागून फरफटत येतायत. त्याआधी १९८२ मध्ये पारदर्शक खोक्यात, अंगभर चिखल, उभं राहायचं आणि घसरून पडायचं, सात तास. थोड्याच दिवसांत इस्रायलची फौज लेबनॉनमध्ये घुसली, आईबाप तिथेच. सात तास घसरणाऱ्या पोरीला बापाने काय सांगायचं असतं? आमच्या खात्यात याचा नियम नाही.

एक सांगायचं राहिलं आहे. १९९४ च्या त्या कामाचं तू वर्णन केलं आहेस, गोल खोलीत जमिनीवर पडदा, आणि त्यावर कॅमेरा हातूमबाईंच्या घशातून, आतड्यांतून फिरतोय, श्वासाचा आणि ठोक्यांचा आवाज. त्यावर त्यांचं नाव ब्रिटनच्या टर्नर या कलापारितोषिकाच्या यादीत गेलं १९९५ ला. आईला ते किळसवाणं वाटलं. मला नाही वाटलं, कारण मी तसलं चित्र ऑगस्टमध्ये पाहिलं आहे. कोल्हापूरला. स्वतःचंच. गुलाबी, ओलं, एखाद्या ओढ्याच्या काठासारखं. डॉक्टर म्हणाले, अल्सर आहे, गोळ्या घ्या, चहा कमी करा. तुकडा तपासायला पाठवला होता, त्यात काही निघालं नाही. तुझा प्रबंध द्यायचा होता म्हणून कुणी बोललं नाही. आईवर चिडू नकोस, तोंड बंद ठेवायला मीच सांगितलं होतं. म्हणजे बघ, 'तिला सांगू नकोस' हे आमच्याकडेही चालतं.

आता बरा आहे. चहा दोनवर आणला आहे. खरं म्हणजे तीन.

मला सगळ्यांत आवडलं ते साबणाचं. १९९६, जेरुसलेम. नाब्लुस या पॅलेस्टिनी शहरातला ऑलिव्हच्या तेलाचा साबण, दोन हजारांहून जास्त वड्या जमिनीवर मांडून त्यावर लाल काचेचे मणी खोचून नकाशा काढला, १९९३ च्या ओस्लो कराराने पॅलेस्टिनींना जी जमीन परत मिळायची होती तिचा. तुकडे तुकडे, एकमेकांना न चिकटलेले, गोवर उठल्यासारखे. जे कुणी बघायला आले असतील त्यांना आधी घरच्या न्हाणीचा वास आला असेल आणि मग खाली नकाशा दिसला असेल. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. माणसाहून उंच अशी त्यांची ती घडीची किसणी बघून आई म्हणाली, "एवढ्या किसणीवर कैऱ्या किसायला बसवणार कुणाला?" पण बाळाच्या खाटेचा फोटो आला तेव्हा ती काही बोलली नाही. गादीखाली फळी असते त्या जागी नुसत्या ताणलेल्या बारीक तारा. ती उठून आत गेली. मी पान उलटलं.

तुझी जे. जे.ची चित्रं माळ्यावर नीट आहेत. २०२१ च्या पुरात पाणी माळ्याच्या कडेला टेकलं तेव्हा तू मुंबईत होतीस. चिखल उपसायच्या आधी आईने तुझा गठ्ठा काढला. लाइट नव्हती, म्हणून कोळशाची जुनी इस्त्री शोधली आणि वर्तमानपत्राच्या दोन कागदांमध्ये एकेक चित्र धरून वाळवलं. भांडी, गाद्या, माझी सर्व्हिस बुकाची प्रत, सगळं नंतर. तीन चित्रांवर 'सकाळ'ची अक्षरं उलटी उमटली आहेत. तुला दाखवायची हिंमत झाली नव्हती. आता हातूमबाईंची फिल्म पाहिल्यावर वाटतं, तुला ती तशीच आवडतील. आलीस की बघ. येशील तेव्हा. मी कधी, असं विचारलेलं नाही.

फोटोचं. परवा आई मागच्या पायरीवर केस वाळवत बसली होती, आणि तिने माझ्या हातात मोबाइल दिला. "काढा," म्हणाली, "तुम्हीच काढा, म्हणजे भांडण नाही." मी पाठीमागून काढला. मान, ओले केस, पदर खांद्यावरून घसरलेला तो तिने सावरला नाही आणि मी सांगितलं नाही. सदतीस वर्षांत मी तिला अशी, काही काम न करता बसलेली, किती वेळा पाहिली असेन? थोडा हलला आहे. दुकानातून प्रिंट काढताना मुलाने स्क्रीनकडे पाहिलं तर मी मध्ये उभा राहिलो. मालकी, दुसरं काय. फोटो या लिफाफ्यात आहे. तुझ्या कामात लावायचा तर लाव. माझं नाव घालू नकोस, आईचं घाल.

देशातलं रजिस्टर पोस्ट सप्टेंबरपासून स्पीड पोस्टात विलीन झालं, माझ्या डोळ्यांदेखत नाही तरी माझ्या निवृत्तीच्या वर्षात. काउंटरवरचा नवा मुलगा ओळखीचा आहे. ट्रॅकिंग नंबर दादा पाठवेल. पण मला नंबरचं काही नको, पत्र हातात पडलं की तू स्वतः कळव.

आईने शिकेकाई विचारली आहे, तिकडे मिळते का. नसेल तर पाठवते म्हणते.

तुझा,
बाबा

ता. क. दादा म्हणतो, फेब्रुवारीत विमानाचं भाडं कमी असतं. त्याने सांगितलं, मी नुसतं कळवलं.