बाबा, व्हिडिओ पाहिला, आता माझं ऐका

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही व्हॉट्सअॅपवर पाठवलेला व्हिडिओ पाहिला. खुर्च्या-टेबलं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घसरताहेत, छताच्या पट्ट्या खाली पडताहेत, म्हातारी माणसं लाइफ जॅकेट घालून मुकाट बसली आहेत. त्याखाली तुमचं एकच वाक्य : "आम्ही नाही येत." फोनवर जहाजाच्या सहलीचा विषय काढला की तुम्ही "बघू" म्हणता आणि आईकडे फोन देता. म्हणून पत्र लिहायला बसले.

तो व्हिडिओ खरा आहे. २३ मार्च २०१९, नॉर्वेचा हुस्टाडविका हा खडकाळ किनारा, जहाज 'वायकिंग स्काय'. टाक्यांमध्ये वंगणाचं तेल असायला हवं त्यापेक्षा कमी होतं. वादळात जहाज डोलायला लागल्यावर तेलाचा दाब पडला आणि इंजिनं आपोआप बंद झाली. वारा जहाजाला खडकांकडे ढकलत होता. एका जहाजाची लांबी भरेल एवढंच अंतर उरलं असेल, तेव्हा एक इंजिन पुन्हा चालू झालं. जहाजावरच्या १,३७३ माणसांपैकी ४७९ जणांना हेलिकॉप्टरनं एकेक करून उचललं. दुसऱ्या दिवशी जहाज मोल्डे बंदराला लागलं. जखमी बरेच झाले, दगावलं कुणी नाही. हे सगळं लिहिलं, कारण तुमच्यापासून काही लपवून मला तुम्हाला बोलवायचं नाही.

पण तुमची भीती या व्हिडिओच्या फार आधीची आहे, हे मला ठाऊक आहे. आजीचा धाकटा भाऊ 'रामदास' नावाच्या बोटीवर होता. १७ जुलै १९४७, आषाढातली अमावास्या. भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली बोट काश्याच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आपल्याकडे गटारीला मासळी शिजत नसे ती त्यामुळेच. आजी त्या दिवशी समुद्राकडे पाठ करून बसायची, हे तुम्हीच मला सांगितलं आहे. असं घर असताना मुलीनं "जहाजावर चला" म्हणावं, हे तुम्हाला किती जड जात असेल याची मला कल्पना आहे.

तरीही बाबा, तुम्हीच कोकणबोटीनं विजयदुर्गला जायचात ना? वळकटी डेकवर पसरायची, हर्णै, दाभोळ, जयगड करत रात्र काढायची, आणि उतरताना हेलकावणाऱ्या पडावात पाय टाकायचा. जयगड गेलं की अर्धी बोट आडवी व्हायची आणि तुम्ही मात्र डबा उघडून जेवायचात, असं आत्या अजून सांगते. समुद्र तुम्हाला नवा नाही. आईला आहे, आणि हे पत्र मुख्यतः तिच्यासाठी आहे.

आई, गेल्या शरद ऋतूत आम्ही साउदॅम्प्टनहून लिस्बनला जाऊन आलो, तेव्हा येताना बिस्केच्या उपसागरात वादळ लागलं होतं. ते मी तुला फोनवर नीट सांगितलं नाही, तू काळजी करत बसली असतीस. आता सांगते.

बिस्के म्हणजे फ्रान्सच्या पश्चिमेचा आणि स्पेनच्या उत्तरेचा समुद्र. अटलांटिकमध्ये दूर कुठेतरी उठलेली लाट आडकाठीशिवाय थेट इथे येते. इथला तळ चार हजार मीटरहून खोल आहे आणि किनाऱ्याकडे तो एकदम दोनशे मीटरच्या आसपास वर येतो, त्यामुळे लाटा उंच आणि वेड्यावाकड्या होतात. वारा पडलेला असला तरी समुद्र फुगलेला राहतो. आमच्या वेळी वाराही होता. दुपारी कप्तानानं ध्वनिक्षेपकावरून सांगितलं की रात्री 'फोर्स नाइन'चा वारा अपेक्षित आहे, म्हणजे ताशी पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटरच्या पुढे. स्पेनच्या अ कोरुन्या बंदरात जहाज नेणार नाही, हेही सांगितलं. तिथला रोमन काळापासूनचा दीपस्तंभ पाहायचा म्हणून ओवी किती दिवस उड्या मारत होती. ती रडली. लोक कुरकुरले. मला मात्र त्या कप्तानाबद्दल आदर वाटला. हजारो माणसं नाराज होतील हे ठाऊक असूनही तो बंदर सोडून देतो, म्हणजे जहाज जाणत्या हातात आहे.

संध्याकाळपर्यंत सगळं बदललं. वरच्या डेकचे दरवाजे बंद झाले, तरणतलावाचं पाणी सोडून दिलं, जिन्यांच्या कठड्यांना कागदी पिशव्या अडकवून ठेवल्या. त्या कशासाठी ते पाहताक्षणी कळतं. खोलीत कपाटातले रिकामे हँगर एका लयीत खट् खट् वाजायला लागले. मंदारनं ते काढून गादीवर ठेवले, तेव्हा भिंतींचा आवाज ऐकू आला. जहाजाची चौकट करकरते, आणि पुढचा भाग लाटेवर आपटला की एक दणका बसून अंगभर थरथर जाणवते. पहिल्या दणक्याला मी उठून बसले. तसे बरेच दणके बसल्यावर कळलं, की प्रत्येकानंतर जहाज पुन्हा सरळ होतंच आहे.

ते सरळ का होतं, हे मी दुसऱ्या दिवशी एका इंजिनिअर अधिकाऱ्याला विचारून घेतलं. इंजिनं, इंधन, पाण्याच्या टाक्या, सगळं जड सामान अगदी तळाशी असतं. शिवाय पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, ते बाहेर काढले की डावं-उजवं डोलणं पुष्कळ कमी होतं. पुढे-मागे होणारी उचल-आपट मात्र पंखांनी थांबत नाही. एसटीच्या मागच्या बाकावर खड्डा कसा कंबरेत बसतो आणि मधल्या बाकावर तितकासा जाणवत नाही, तसंच जहाजाचं आहे. मधली आणि खालच्या मजल्यावरची खोली सगळ्यात शांत. लोक पैसे मोजून वरची, टोकाची, गच्चीवाली खोली घेतात आणि हवा बिघडली की तेच सगळ्यात जास्त भोगतात. तुमच्यासाठी मी मधलीच पाहिली आहे. गच्ची नाही, मोठी काच आहे.

मंदारला बोट लागली. तो रात्रभर उताणा पडून होता. ओवी गाढ झोपली. मला मळमळलं, पण कोरडी बिस्किटं आणि आल्याचा तुकडा चघळून निभावलं. रात्रपाळीला एक गोव्याचा मुलगा होता. तो चहा घेऊन आला आणि कोकणीत म्हणाला, "भियेवं नाका." त्याचे वडील आणि आजोबाही जहाजावरच होते म्हणे. गोव्यातल्या आणि सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांची चूल अशा नोकऱ्यांवर पेटते. त्या रात्री अर्धे प्रवासी आडवे असताना ही मुलं भरल्या ट्रेसकट चालत होती. त्यांच्याबद्दल फार थोडं बोललं जातं.

आता जे सांगण्यासाठी हे पत्र आहे ते. तुमच्या वयाच्या माणसाला जहाजावर खरा धोका बुडण्याचा नाही, पडण्याचा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये याच बिस्केत 'स्पिरिट ऑफ डिस्कव्हरी' हे जहाज वादळात सापडलं. जहाज तरलं, पण सुमारे शंभर माणसं जखमी झाली. प्रवासी बहुतेक पन्नाशीच्या पुढचे होते. आमच्या समोरच्या खोलीतल्या बाई त्या रात्री बाथरूमला गेल्या. तिथे पाणी बाहेर येऊ नये म्हणून चांगला उंच उंबरठा असतो आणि दार जड असतं. त्यांचा एक पाय आत आणि एक बाहेर असताना जहाज कललं, दार येऊन आदळलं आणि त्यांचं मनगट मोडलं. सकाळी त्या गळ्यात हात अडकवून नाश्त्याला आल्या होत्या. आई, त्यांना पाहिलं आणि मला तुझा गुडघा आठवला.

म्हणून याल तेव्हा एवढं पाळायचं. समुद्र खवळला की बसून किंवा पडून राहायचं, शौर्य दाखवायचं नाही. बाबा, हे तुम्हाला. चालताना एक हात कायम कठड्यावर. दाराच्या चौकटीत बोटं ठेवायची नाहीत. रात्री दिवा लावल्याशिवाय पाय खाली टाकायचा नाही. आई, बसप्रवासाला तू घेतेस ती अॅव्होमिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. तिनं गुंगी येते, आणि बीपीच्या गोळ्यांवर ती गुंगी घेऊन हलत्या जमिनीवर चालणं मला नको आहे. जेवणाआधी हात साबण-पाण्यानंच धुवा, कारण जहाजावर पोटाचा जो विषाणू पसरतो तो नुसत्या जेलला फारसा दाद देत नाही. पहिल्या दिवशी संकटकाळाची कवायत असते, ती लक्ष देऊन करा. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज झाले की आपल्या ठरलेल्या जागी जायचं. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्टा कॉनकॉर्डिया' कलंडलं तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची ही कवायत झालेलीच नव्हती. त्या अपघातात ३२ माणसं गेली. तेव्हापासून जहाज निघण्याआधी किंवा निघाल्याबरोबर ती घ्यावीच लागते.

आणि मी तुम्हाला बिस्केला नेणारच नाही. मेअखेरीस साउदॅम्प्टनहून नॉर्वेच्या फ्योर्डांना, म्हणजे डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यांना, जाणारं जहाज आहे. वादळांचा मोसम तोवर सरलेला असतो. वाटेत उत्तर समुद्र लागेल, तो थोडा हलवेल, खोटं सांगत नाही. पण एकदा फ्योर्डात शिरलं की दोन्ही बाजूंना उभे डोंगर आणि मध्ये निवांत पाणी. सोग्नेफ्योर्ड समुद्रापासून दोनशे किलोमीटरहून जास्त आत गेला आहे आणि तेराशे मीटर खोल आहे. जहाज त्याच्या एका फाट्यानं फ्लोम गावापर्यंत जातं आणि धक्क्याला लागतं. काही बंदरांत नांगर टाकून लहान बोटीनं किनाऱ्यावर नेतात. तसं असेल तिथे आईनं उतरायचं नाही, काचेतूनही डोंगर दिसतात. मे महिन्यात बर्फ वितळत असतो, कड्यांवरून धबधबे पडत असतात आणि रात्री दहालाही उजेड असतो. बाबा, सह्याद्रीचे धबधबे दाखवायला तुम्ही मला दर पावसाळ्यात आंबोलीला न्यायचात. हे मला तुम्हाला दाखवायचं आहे.

मला चार गोष्टी कळवा. पासपोर्टची मुदत कधी संपते ते. ब्रिटनचा आणि नॉर्वेसाठी शेंगेनचा, असे दोन्ही व्हिसा लागतील, त्यामुळे उशीर नको. विम्याच्या अर्जात बाबांची साखर आणि आईचं बीपी स्पष्ट लिहायचं आहे, तेव्हा औषधांची यादी फोटो काढून पाठवा. आईचा गुडघा डॉक्टरांना दाखवा, पायऱ्या किती चढता येतील ते सरळ विचारा, आणि ते सांगतील तेच मला सांगा, "बरा आहे" नको. आणि बाबा, एवढं वाचूनही मन होत नसेल तर तेही मोकळेपणानं कळवा. मग आपण रेल्वेनं फिरू, मला वाईट वाटणार नाही. खोली महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली आहे.

ओवीचा तुम्हाला नमस्कार. मंदार म्हणतो, बाबा येणार असतील तर तो गोळी घेऊन पुन्हा यायला तयार आहे.

तुमची,
शमा