टर्बोचं मग बघा, आधी गिअरबॉक्स विचारा

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतल्या वाहनांच्या सदरात नाशिकच्या एका वाचकांनी विचारलं होतं, की बॉस्टनला असलेले त्यांचे चिरंजीव साब या स्वीडिश कंपनीची जुनी 900 कन्व्हर्टिबल, म्हणजे टप उघडणारी गाडी, बघताहेत, तर टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून जोर वाढवणारी) घ्यावी की बिनटर्बोची? सदरलेखकांनी एका वाक्यात निकाल लावला: जुन्या गाडीत टर्बो म्हणजे विकतचं दुखणं. मी मूळची कोल्हापूरची, राहते बॉस्टनपासून तासाभरावर वुस्टरला, आणि माझ्याकडे हीच गाडी बिनटर्बोची आहे. तरी हे उत्तर मला पटलं नाही.

साबची पहिली टर्बो गाडी 1977 साली आली, 99 या मॉडेलची. 1982च्या मॉडेलपासून त्यांनी एपीसी नावाची यंत्रणा बसवली. इंजिनात नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठोकठोक) सुरू झालं की सेन्सरला कळतं आणि टर्बोचा दाब आपोआप कमी केला जातो. त्यामुळे हलक्या पेट्रोलनं इंजिनाचं वाटोळं होईल ही भीती इथे फारशी नाही. टर्बो मरतो तो ऑइलमुळे. गरम इंजिन खाडकन बंद केलं की बेअरिंगमधलं ऑइल जागीच करपतं. आपल्याकडे घाट चढून आलेला ट्रकवाला गाडी मिनिटभर तशीच चालू ठेवतो, ते उगीच नव्हे. आधीच्या मालकाला ही सवय होती का आणि ऑइल वेळेवर बदललं का, हे बिलांवरून आणि त्याच्या बोलण्यावरून ताडता येतं.

खरी मेख गिअरबॉक्समध्ये आहे, आणि त्याबद्दल सदरात अवाक्षर नाही. या गाडीत गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटाखाली असतो आणि तोच तिचा नाजूक अवयव. अमेरिकेत 1991पासून मिळू लागलेल्या 2.1 लिटरच्या साध्या इंजिनाला 140 एचपी, तर त्याच काळातल्या 2 लिटरच्या टर्बोला 175. पण नुसत्या एचपीवर जाऊ नका. टर्बो जोर देतो तो एकदम, आणि तो धक्का गिअरबॉक्सला सोसावा लागतो. आमच्या गल्लीतल्या एका टर्बोचा आवाज मी ऐकलाय: चौथ्या गिअरला पाय दाबला की खालून गुरगुर, पाय काढला की गप्प. इंजिन ठणठणीत, आणि गाडी सहा महिने गॅरेजमध्ये, कारण हा गिअरबॉक्स उघडून नीट बसवणारी माणसं आता इकडेही शोधावी लागतात. साब कंपनीनंच 2011च्या डिसेंबरात दिवाळं काढलं, तेव्हा दाद मागायची तरी कुणाकडे!

म्हणून माझं मत असं: हाताचे गिअर असतील तर बिनटर्बोची 900 एस घ्यावी. ऑटोमॅटिक असेल तर मात्र डोळे झाकून टर्बो. तो ऑटोमॅटिक तीनच गिअरचा, त्यात कन्व्हर्टिबलला मजबुतीसाठी खालून जादा पत्रा घातलेला, म्हणजे वजनही वाढलेलं. साध्या इंजिनानं हायवेच्या रॅम्पवर शिरताना मागचा ट्रक आरशात मोठा मोठा होत जातो आणि आपण पाय तळाला टेकवून देवाचं नाव घेत बसतो.

चिरंजीवांची नजर साबच्याच नंतरच्या 9-3 या मॉडेलवर असेल, तर अमेरिकेत ती टर्बोतच आली, निवडीचा प्रश्नच नाही. तिथे 2003पर्यंतच्या गाड्यांत ऑइलचा गाळ साठतो. इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उघडून त्यातली जाळी साफ केल्याचं बिल नसेल तर सरळ पुढची गाडी बघावी.

आणि टपाचं काय? टर्बोच्या नादात लोक तो उघडून बघायचंही विसरतात. कापड, मागची काच, हायड्रॉलिकचे पंप-सिलिंडर हे सगळं बदलायला निघालात तर टर्बोचं बिल परवडलं म्हणाल. टप किमान दोनदा उघडून मिटवून घ्यावा आणि डिकीतल्या पंपाभोवती हात फिरवावा. बोटांना तेलकट लागलं की किंमत पाडून मागावी. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे बॉनेट उघडून ड्राइव्हशाफ्टच्या वरचा पत्राही टॉर्च लावून बघायचा. तो गंजानं खाल्ला असेल तर टर्बो काय नि साधी काय.

पारख करायला जाताना मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवावं, की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावावा, गार हवं. सुरू करून पाच मिनिटं तशीच ठेवावी आणि मग एकदम ॲक्सिलरेटर द्यायचा. त्याच वेळी मागे उभ्या असलेल्या मित्राला निळा धूर दिसला तर टर्बोचं सील किंवा व्हॉल्व्हचं काम निघणार. बॉनेट आधीच गरम लागलं, तर चहा नाकारून दुसऱ्या दिवशी सकाळी परत यावं.

आपली,
एक वाचक, वुस्टर (मॅसॅच्युसेट्स)