गिझर न उघडताच ‘टाकी गेली’?

संपादक महाशय,

गिझर बिघडला की सर्व्हिसवाला येतो, नळाखाली हात धरतो आणि सांगून मोकळा होतो, तुमचं पाणी जड आहे, क्षार साचलेत, टाकी गेली, वॉरंटीत बसत नाही. आमच्याकडे हेच झालं, शेजारी पण हेच, आणि तेसुद्धा साधं कव्हर न उघडता! कंपनीचं नाव घेत नाही, कारण बाकीच्यांचं पण काही वेगळं ऐकलं नाही.

आता पाणी जड म्हणे. आमच्या गोव्यात फोंडा, सत्तरी, सांगेकडे जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुतेक ठिकाणी मऊ असतं, साबणाला फेस भरपूर, चहाच्या टोपाला पांढरा थर बसत नाही. मात्र ते थोडं आम्लधर्मी असतं, म्हणजे थर बसवण्यापेक्षा धातू खातं, बेसिनवर पितळी नळाखाली निळा-हिरवा डाग पडतो ना, तो त्यातलाच प्रकार. मांडवी-जुवारीच्या काठच्या, खाजनाजवळच्या (म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्यालगतच्या सखल शेतांजवळच्या) विहिरी मे महिन्यात मचूळ होतात ती आणखी वेगळी तऱ्हा. गावागणिक पाणी वेगळं पण यांचं उत्तर सगळीकडे तेच, पाठ करून आल्यासारखं.

टाकीत मॅग्नेशियमचा एक रॉड असतो, तो झिजण्यासाठीच असतो, पाण्याने टाकीचं पोलाद खाण्याआधी हा खावा म्हणून. तो संपला की मग टाकीची पाळी. वर्ष-दोन वर्षांनी उघडून बघायचा, संपत आला असेल तर बदलायचा, नव्या गिझरच्या मानाने किरकोळ खर्च. दुकानात स्टार किती, रंग कुठला, ऑफर काय हे सगळं सांगतात, रॉडबद्दल चकार शब्द नाही. वॉरंटी नाहीच म्हटल्यावर आम्ही गावच्याच इलेक्ट्रिशियनला बोलावलं, त्याने उघडून दाखवलं तर रॉडच्या जागी नुसती आतली तार उरलेली आणि टाकी चांगली शाबूत. रॉड आणि गॅस्केट बदललं, गिझर चालू आहे.

तांबूस पाणी फक्त गरम नळाला येत असेल तर टाकीवर संशय घ्या, थंड नळाला पण येत असेल तर दोष पाइपाचा किंवा पाण्याचा. टाकीतला जास्तीचा दाब बाहेर सोडणाऱ्या सेफ्टी वॉल्वचंही तसंच, 15 लिटर पाणी 25 वरून 60 डिग्रीला नेलं की साधारण 200 मिलीने फुगतं, तेव्हा गरम होताना थोडं ठिबकलं तर घाबरायचं काही नाही. बंद असतानाही धार लागली तर वॉल्व गेला नाहीतर पंपाचं प्रेशर जास्त. पण काही बहाद्दर ठिबकतंय म्हणून वॉल्वलाच बूच मारतात, म्हणजे न्हाणीघरात बॉम्ब टांगल्यासारखंच की हो!

सगळ्यात जास्त चीड येते ती अर्थिंगची. इन्स्टॉलेशनला येणारा भिंतीला भोकं पाडतो, पाइप जोडतो, सही घेतो आणि जातो, अर्थ तपासलेला मी तरी कधी पाहिला नाही. उन्हाळ्यात जांभ्याची जमीन कोरडी पडते, अर्थचा खड्डा कोणी भिजवत नाही, त्यात पाणी तापवणाऱ्या एलिमेंटला चीर गेली की नळाला हात लावल्यावर मुंग्या येतात, आणि लोक म्हणतात एमसीबी आहे ना. अहो एमसीबी जास्त करंटला पडतो, एवढ्याशा लीकेजला नाही, त्याला लीकेज झालं की वीज तोडणारा 30 मिलिअँपचा आरसीसीबी लागतो. मुंग्या आल्या की मेन बंद करा, आंघोळ राहू दे.

माझं मागणं एवढंच आहे, बसवताना अर्थिंग तपासलं हे बिलावर लिहून द्या, रॉड कधी बघायचा ते सांगा, आणि वॉरंटी नाकारायची तर पाण्याची टेस्ट करून कारण लेखी द्या. देत नसतील तर वाचकांनी 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन करावा, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते आणि वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी पण नाही. आमच्याकडे आलेल्याला मी लेखी मागितलं तर लगेच सूर बदलला, साहेबांना विचारून सांगतो म्हणाला, अजून विचारतोच आहे.

— एक वाचक, फोंडा