पिशवीची जागा आधी आखून घ्या

ती. आई आणि आप्पांस,
सा. न. वि. वि.

आप्पा, आतड्यातली गाठ काढायचं काम मोठं, त्याची चर्चा घरात भरपूर झाली. पण पुढचे निदान दोन-तीन महिने तुमचा रोजचा संबंध येणार तो पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाशी, म्हणजे स्टोमाशी, आणि मळ गोळा करायला त्यावर लावायच्या पिशवीशी. आणि हा स्टोमा ऑपरेशनच्या अगदी शेवटी होतो, सगळे दमलेले असताना. ‘तात्पुरतं तर आहे’ म्हणून ज्युनिअरवर सोपवणारे सर्जन असतात, तसे शेवटचा टाका स्वतः घालणारेही असतात. तुमचे डॉक्टर कसे आहेत ते एका प्रश्नात कळेल: “साहेब, पिशवीची जागा आधी आखणार ना?”

लाजू नका, विचाराच. नुसतं आडवं झोपवून खूण केली तर उठून बसल्यावर ती वळीत जाते आणि पिशवी गळते. उभं राहून, खुर्चीवर, वाकून आणि मांडी घालून, असं सगळं बघायला सांगा. तुम्ही जेवायला खालीच बसता, हे त्यांना आपणहून कळणार नाही. तुमची इलिऑस्टॉमी, म्हणजे लहान आतड्याचं तोंड, बहुधा उजव्या बाजूला येईल. ते पोटाच्या उभ्या स्नायूतून काढावं. बेंबी, बरगडी, कमरेचं हाड, जुना व्रण आणि नाडीची रेघ यांपासून दूर, भोवती साधारण 5 सेंटिमीटर सपाट कातडी राहील असं. ढेरीच्या खाली खूण केली तर तुम्हालाच दिसणार नाही, म्हणून जरा वर. खूण पक्क्या मार्करची हवी, नाहीतर ऑपरेशनआधी पोट पुसताना जाते.

दुसरी गोष्ट उंचीची. लहान आतड्याचा पातळ मळ पाचकरसांमुळे कातडी जाळतो, म्हणून तोंड कातडीच्या 2 ते 2.5 सेंटिमीटर वर यायला हवं. बाहीची घडी घालावी तसं आतडं उलटं दुमडून कातडीला शिवायची पद्धत बर्मिंगहॅमच्या ब्रायन ब्रूक यांनी 1952 मध्ये मांडली. आजही तीच चालते, पण आतडं ताणून आणलं तर नंतर ते आत ओढलं जातं. स्नायूतलं छिद्र साधारण दोन बोटं जाईल एवढं: लहान ठेवलं तर सुजेने अडतं, मोठं ठेवलं तर शेजारून हर्निया.

आई, पहिल्या दिवसांत रंग तू बघ. ओठाच्या आतल्या बाजूसारखा लालसर, ओला असला की ठीक. काळपट किंवा जांभळा दिसला तर सकाळच्या राउंडची वाट बघू नकोस. पुसताना थोडं रक्त आलं तर घाबरू नकोस. स्टोमाला स्पर्शाच्या नसा नसतात, त्यामुळे तो दुखणार नाही.

सूज सहा-आठ आठवडे उतरत राहते, म्हणून दर आठवड्याला माप घ्या आणि फ्लँजचं, म्हणजे पिशवीच्या कातडीला चिकटणाऱ्या चकतीचं, भोक स्टोमापेक्षा 2-3 मिलिमीटरच मोठं कापा. आजूबाजूला कोमट पाणी, मग पूर्ण कोरडं. खोबरेल, सॅव्हलॉन, पावडर काही नको. तेलावर फ्लँज चिकटतच नाही. पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करा. फ्लँज तीन-चार दिवसांनी बदला, पण खाली खाज किंवा आग झाली तर त्याच दिवशी.

खरी भीती मला जळगाव-भुसावळच्या मे महिन्याची आहे. दिवसाला 500 ते 1000 मिलि मळ ठीक. दीड लिटरच्या वर गेला, लघवी कमी आणि गडद झाली, पायात गोळे आले, तर दवाखाना. तहान लागली म्हणून नुसतं पाणी ढोसू नका आप्पा, त्याने मीठ आणखी बाहेर जातं. ओआरएसचं मोठं पाकीट 1 लिटर पाण्यात, घोट घोट.

खाण्याचं थोडक्यात: भात, साबुदाणा आणि घरचं केळं यांनी मळ दाटतो. भरताचे शेंगदाणे, खोबऱ्याचे तुकडे, मक्याचं कणीस पहिले दीड महिना नाहीच. कळण्याची भाकरी त्यानंतर, नीट चावून. पिशवी चार-सहा तास कोरडी, पोटात कळा आणि उलट्या असतील तर आतडं अडलंय, घरचा काढा नको.

स्टोमा बंद करायचं ऑपरेशन साधारण 8 ते 12 आठवड्यांनी, केमो असेल तर उशिरा. त्याआधी गाठ काढल्यावर आतड्याला आत घातलेला जोड तपासून घेतील.

तुमची,
ताई

ता. क. आई, आखणीच्या दिवशी आप्पांचा रोजचा पायजमा ने, नवा नको. नाडी नेहमी बांधतात तिथेच बांधायला लाव.